'करतलो कोण?' : कॉलेजच्या वयात गावाचं नेतृत्व शिकायचं कसं

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं, किंवा ज्यांच्या वाडीत रेंज येते-जाते, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लेखी रूप. मधले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' कापलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)



आजचा विषय जरा जड वाटेल. नागरी नेतृत्व. शब्द ऐकला की डोळ्यांसमोर काय येतं? पांढरा शर्ट, मागे चार गाड्या आणि हायवेवर वाढदिवसाचा बॅनर. बॅनरवर खाली बारीक फोटोंची रांग असते ना, 'शुभेच्छुक' म्हणून? त्या रांगेत आपल्याच कॉलेजची पोरं असतात. अनेकांना वाटतं, नेतृत्वाची सुरुवात त्या रांगेतून होते.

मला आज वेगळ्या नेतृत्वाबद्दल बोलायचंय. वाडीतला साकव खचला, नळाला पाणी येत नाही, संध्याकाळची एस.टी. बंद झाली की आपल्याकडे पारावर, दुकानासमोर, सगळीकडे एकच प्रश्न निघतो : "ह्या करतलो कोण?" हे करणार कोण? प्रश्न विचारून सगळे घरी जातात. या प्रश्नाचं उत्तर बनायला जे काही यावं लागतं, त्याला मी नागरी नेतृत्व म्हणते. आणि ते शिकता येतं. पोहणं किंवा बाइक शिकतो तसंच, करून करून.

हे आत्ताच का बोलायचं?

एक आकडा सांगते. २००१ च्या जनगणनेत आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या होती ८,६८,८२५. २०११ मध्ये ती झाली ८,४९,६५१. देशाची लोकसंख्या वाढत होती, महाराष्ट्राची वाढत होती, आणि आपली दहा वर्षांत एकोणीस हजारांनी कमी झाली. साक्षरता मात्र ८५ टक्क्यांच्या वर. म्हणजे आपण शिकतो आणि जातो. मुंबई, पुणे, गोवा. यात कुणाचा दोष नाही, पोटासाठी जावंच लागतं. पण मागे काय राहतं ते बघा. कुलूप लावलेली घरं, म्हातारी माणसं, आणि अशी ग्रामसभा जिथे सगळ्यात तरुण माणूस पंचेचाळीस वर्षांचा असतो.

जो कागद वाचू शकतो, फोनवर माहिती काढू शकतो, अर्ज लिहू शकतो, तो नेमका त्या सभेत नसतो. मग निर्णय चार माणसं घेतात. चांगली असली तर नशीब, नसली तरी चालूच. आणि तुम्ही अजून इथे आहात, निदान कॉलेजची तीन वर्षं तरी. त्या तीन वर्षांत काय काय शिकता येईल, हा आजचा एपिसोड.

पटवर्धन चौकातले पटवर्धन

कणकवलीत आपण रोज म्हणतो, 'पटवर्धन चौकात भेट.' हे पटवर्धन कोण, हे मी काही मुलांना विचारलं. एकाने सांगितलं, "जुने आमदार असतील." नाही रे बाबा.

आप्पासाहेब पटवर्धन. पूर्ण नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, जन्म १८९४ चा. शिकलेला, हुशार माणूस, प्राध्यापकी केलेला. ती सोडून ते गांधीजींकडे गेले आणि नंतर कोकणात परतले. लोक त्यांना 'कोकणचे गांधी' म्हणत. मे १९३० मध्ये वेंगुर्ला तालुक्यातल्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच्या पुढाऱ्यांत ते होते.

पण मला सांगायचीय ती गोष्ट १९३२ ची. आप्पासाहेब रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे मैला साफ करण्याचं काम ठरावीक जातीच्या कैद्यांनाच दिलं जाई. आप्पासाहेब म्हणाले, हे काम मलाही द्या. तुरुंगाने नकार दिला. कैदी काम मागतोय, तेही सगळ्यात घाणेरडं मानलेलं, आणि सरकार नाही म्हणतंय! आप्पासाहेबांनी अन्न कमी करून निषेध सुरू केला. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना हे कळलं, तेव्हा ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांनीही सहानुभूतीचं उपोषण सुरू केलं. सरकारने विचार करू असं आश्वासन दिल्यावर दुसऱ्या दिवशी ते सुटलं.

आता यात नेतृत्व कुठे दिसतं? त्यांनी दुसऱ्याला भाषण दिलं नाही. जे काम समाजाने एका जातीच्या डोक्यावर टाकलं होतं, ते स्वतःकडे मागितलं. पुढे मेलेल्या जनावरांची कातडी सोलण्याचं कामही त्यांनी स्वतः केलं. ब्राह्मण घरातल्या माणसाने हे करणं म्हणजे त्या काळी आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेणं होतं.

आणि १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीजवळ वागद्याला, गड नदीच्या काठी, गोपुरी आश्रम उभा केला. तिथे प्रश्नाच्या मुळाशी हात घातला. मैला माणसाने वाहू नये असं वाटत असेल, तर नुसतं 'वाहू नका' म्हणून भागत नाही, संडासच वेगळा बांधावा लागतो. मग मैल्याचं खत होईल, कुणाला ते उचलून न्यावं लागणार नाही असा साधा, स्वस्त 'गोपुरी संडास' त्यांनी पुढे आणला. गोबर गॅसचे प्रयोग केले. मार्च १९७१ मध्ये ते गेले. 'माझी जीवनयात्रा' हे त्यांचं आत्मचरित्र आहे, लायब्ररीत मिळालं तर जरूर वाचा.

२०१६ मध्ये केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग पहिला आला. हे एकट्या आप्पासाहेबांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, त्यामागे हजारो बायकांचं आणि गावागावांतल्या कार्यकर्त्यांचं काम आहे. पण संडास हा बोलायचा, लाज न बाळगायचा सार्वजनिक विषय आहे, हे इथल्या मातीत कुणीतरी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी पेरलं होतं, हे विसरायचं नाही.

आप्पासाहेबांकडून घ्यायच्या तीन गोष्टी लिहून ठेवा. एक, काम आधी स्वतःकडे घ्यायचं. दोन, तक्रारीबरोबर तोडगा आणायचा. तीन, वर्षानुवर्षं एकाच कामाला चिकटून राहायचं. आता ह्या गोष्टी आपल्या आयुष्यात कशा आणायच्या, ते बघू.

कौशल्य पहिलं : दार कुणाचं ते ओळखा

समजा, तुमच्या वाडीत व्हाळावरचा साकव खचलाय. पावसात व्हाळ फुगला की शाळेची मुलं अलीकडेच अडकतात, आजारी माणसाला खुर्चीत बसवून पलीकडे न्यावं लागतं. हे उदाहरण आज आपण शेवटपर्यंत धरून ठेवू.

बहुतेक जण काय करतात? व्हिडिओ काढतात, वर दुःखी गाणं लावतात आणि टाकतात. दोनशे लाइक. 'प्रशासन झोपलंय का?' पण प्रशासन म्हणजे कोण? सरपंच? ग्रामसेवक? जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग? सार्वजनिक बांधकाम विभाग? प्रशासन नावाचा माणूस कुठल्याच ऑफिसात बसत नाही.

पहिलं कौशल्य म्हणजे हे शोधणं. रस्ता गावअंतर्गत असेल तर ग्रामपंचायत. ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर साधारणपणे जिल्हा परिषद. राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम. साकवासारख्या कामाचे पैसे बहुतेक वेळा ग्रामपंचायतीच्या तिजोरीतून निघत नाहीत, ते जिल्हा पातळीवरच्या नियोजनातून येतात. पण मागणी मात्र गावातूनच जावी लागते, ठरावासकट. म्हणजे सुरुवात गावात आणि पैसे ओरोसला. हे कळलं की निम्मी धावपळ वाचते.

कणकवली शहरात राहणाऱ्यांनो, तुमच्याकडे ग्रामपंचायत नाही, नगरपंचायत आहे. तुमचं दार म्हणजे तुमच्या प्रभागाचा नगरसेवक आणि मुख्याधिकारी. आणि एस.टी.चा प्रश्न असेल तर आपण नशीबवान, सिंधुदुर्गचं विभागीय कार्यालय कणकवलीतच आहे. कॉलेज सुटल्यावर चालत जाता येईल इतक्या अंतरावर अर्ज देता येतो. किती जणांनी दिलाय?

कौशल्य दुसरं : कागद लिहायला शिका

मी एक अर्ज पाहिला होता. दोन पानांचा. सुरुवात 'स्वातंत्र्याला इतकी वर्षं झाली तरी' अशी. साकव कुठला, कुठल्या वाडीतला, किती घरं अवलंबून, काहीच नव्हतं. असा अर्ज फाइलीत जातो आणि तिथेच झोपतो.

चांगला अर्ज एका पानाचा असतो. कोण लिहितोय, कुणाला लिहितोय, काय मोडलंय, कुठे, कधीपासून, किती घरांना आणि किती विद्यार्थ्यांना त्रास होतो, आणि आम्हाला नेमकं काय हवंय. घरं मोजायला वाडीत फिरावं लागतं. हे फिरणं म्हणजेच नेतृत्वाचं ट्रेनिंग. दहा घरी गेलात की कळतं, पलीकडच्या काकींना साकव नको, पाण्याची लाइन आधी हवीय. ऐकून घ्यावं लागतं. सगळ्यांच्या सह्या हव्या असतील तर सगळ्यांचं म्हणणंही घ्यावं लागतं.

अर्ज दिलात की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. शिक्का, तारीख, आवक नंबर. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. तिचा फोटो ग्रुपवर टाका. व्हिडिओपेक्षा हा फोटो जास्त जड असतो.

कौशल्य तिसरं : माहिती अधिकार, पण नीट

तीन महिने झाले, उत्तर नाही. आता माहिती अधिकार. २००५ चा कायदा आहे. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये फी. कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो, आणि राज्य सरकारच्या पोर्टलवर बऱ्याच कार्यालयांसाठी ऑनलाइनही अर्ज करता येतो. ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही. चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. म्हणून निबंध लिहू नका.

आणि एक बारीक गोष्ट, जी बरेच जण चुकवतात. 'साकव का दुरुस्त केला नाही?' असा प्रश्न माहिती अधिकारात बसत नाही. या कायद्याने तुम्हाला नोंदीत असलेली माहिती मिळते, अधिकाऱ्याचं स्पष्टीकरण नाही. म्हणून विचारायचं असं : आमच्या अमुक तारखेच्या, अमुक आवक नंबरच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, त्या टिपणीची प्रत द्यावी. या साकवाच्या शेवटच्या पाहणीच्या अहवालाची प्रत द्यावी. अंदाजपत्रक तयार असल्यास त्याची प्रत द्यावी. बस. यात भांडण कुठेच नाही. पण कागद मागितला की फाइल हलते, कारण आता कुणाला तरी ती उघडावी लागते.

दुसरं सांगते. माहिती अधिकाराचा उपयोग कुणाला छळायला, पैसे उकळायला करणारेही आहेत, आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक अर्जदाराकडेही संशयाने बघतात. तुमची वागणूक साधी, नम्र आणि चिकट ठेवा. "साहेब, रागावू नका, आम्हाला फक्त प्रत हवी," एवढंच.

कौशल्य चौथं : ग्रामसभेत बसणं आणि उभं राहणं

हा माझा आवडता भाग. थोडा वेळ इथे थांबू.

ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे मतदार. सरपंच आणि सदस्य म्हणजे ग्रामपंचायत, आणि तुम्ही-आम्ही म्हणजे ग्रामसभा. अठरा वर्षं झाली, गावच्या मतदार यादीत नाव आलं, की तुम्ही सदस्य. कुणाची परवानगी नको, फॉर्म नको. महाराष्ट्रात वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. बऱ्याच गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास ठेवतात. सात दिवस आधी नोटीस निघते. नोटीस बोर्डचा फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकणं हे नेतृत्वाचं सगळ्यात सोपं, सगळ्यात दुर्लक्षित काम. आजच करू शकता.

आता गणपूर्ती, म्हणजे कोरम. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तो. गावात ६०० मतदार असतील तर ९० माणसं हवीत, २००० असतील तर १०० पुरतात. पण ९० माणसं जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरमची अट नसते. म्हणजे काय, ते लक्षात घ्या. आपण गेलो नाही म्हणून सभा थांबत नाही. ती आपल्याशिवाय होते, पंधरा माणसांत, आणि ठराव मात्र 'ग्रामसभेने सर्वानुमते' असाच लिहिला जातो.

मी ज्या ग्रामसभांना बसलेय, तिथे तरुणांना ऐकायला मिळणारी वाक्यं मला पाठ झालीत. मुलग्यांना : "बाबू, तू शिकाक जा, ह्या आमच्यार सोड." मुलींना : "चेडवांचा हयसर काय काम?" दोन्ही वाक्यं प्रेमाने बोलली जातात, म्हणून तर ती जास्त अडवतात. उत्तर द्यायला भांडायची गरज नाही. "आजोबा, शिकतंय म्हणानच इलंय," असं हसत म्हणून खुर्ची घ्यायची आणि बसायचं.

मुलींसाठी एक खास गोष्ट. नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती होते. पण बोलण्याची पहिली सवय लावायला ती जागा फार चांगली. आई, काकी, शेजारची वहिनी समोर असतात. आवाज थरथरला तरी कुणी हसत नाही. महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा २०११ पासून महिलांसाठी राखीव आहेत. जागा आहे, मग बोलायची तयारीही हवी ना? नाहीतर खुर्चीवर वहिनी आणि कारभार दादांचा, हे आपण बघतोच.

सभेत बोलायचं कसं? दोन मिनिटांत. विषय, आकडा, मागणी. "पलीकडच्या वाडीतली ३२ घरं आणि १७ विद्यार्थी या साकवावर अवलंबून आहेत. हा अर्ज, ही पोच. माझी विनंती आहे की साकव दुरुस्तीची मागणी जिल्हा परिषदेकडे पाठवण्याचा ठराव व्हावा." आणि मग सगळ्यात महत्त्वाचं वाक्य : "भाऊसाहेब, हे प्रोसिडिंगला घ्या." ग्रामसेवकांच्या पदाचं नाव आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, पण गावात ते अजून भाऊसाहेबच आहेत. बोललेलं हवेत जातं, प्रोसिडिंगमधलं राहतं.

फोन हातात आहेच, तर 'ई-ग्रामस्वराज' उघडा. तुमच्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, कुठल्या कामाला किती पैसे, हे तिथे दिसतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता आणि ४० टक्के गावाने ठरवायचा, असा हिशोब होता. हे माहीत असलेला एक जण सभेत असला तरी चर्चेची पातळी बदलते. "पैसेच नाहीत" या वाक्याला "कुठल्या हेडचे नाहीत, सरपंच?" असं शांतपणे विचारता येतं.

हिवरे बाजार आणि आपलं कोकण

ग्रामसभेने खरंच काही होतं का, असं विचाराल. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. दुष्काळी गाव, माणसं गाव सोडून जात होती. १९८९-९० च्या सुमारास गावातल्या तरुणांनी एम.कॉम. झालेल्या पोपटराव पवारांना सरपंच केलं. त्यांनी आणि गावाने ग्रामसभा बसवली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, पाण्याचा दरवर्षी हिशोब मांडायचा आणि त्यावर पिकं ठरवायची, हे निर्णय सभेत झाले. गेलेली कुटुंबं परत आली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे पाऊस आपल्या मानाने काहीच नाही. आपल्याकडे तीन मीटर पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकरची वाट बघतो आपण!

आणि आपल्याकडेही परंपरा आहे की. वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै १९४२ च्या आंदोलनात विशीत तुरुंगात गेले, आणि १९५७ पासून राजापूर मतदारसंघाचे खासदार झाले. संसदेत त्यांचं भाषण ऐकायला विरोधकही थांबत. त्यांच्यानंतर १९७१ पासून सलग पाच निवडणुका प्राध्यापक मधु दंडवते इथून जिंकले. कॉलेजात फिजिक्स शिकवणारा माणूस. १९७७ ला रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर दोन इंची फोम बसवायला सुरुवात केली. तुम्ही स्लीपरने जाता तेव्हा ज्या गादीवर झोपता ती. आणि ज्या कोकण रेल्वेने तुम्ही कणकवलीला उतरता, ती मागणी पिढ्यान् पिढ्या लावून धरावी लागली. पूर्ण मार्ग सुरू झाला १९९८ मध्ये. रेल्वेला इतकी वर्षं लागली, तुमच्या साकवाला दोन पावसाळे लागले तर लगेच हरायचं नाही.

कॉलेजमध्ये काय मिळतं?

एन.एस.एस. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झालं. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. खरं सांगा, त्या १२० तासांत आपण काय करतो? वाढीव मार्कांसाठी सही, झाडू घेऊन फोटो, एक रॅली. सात दिवस एखाद्या गावात राहतो, वनराई बंधारा बांधतो, निरोप समारंभाला रडतो आणि परत येतो. बंधारा चांगलाच. पण त्याच सात दिवसांत त्या गावाची घरं मोजता येतात, प्रोसिडिंग बघायची परवानगी मागता येते, गावकऱ्यांबरोबर बसून तीन मागण्यांचा अर्ज तयार करता येतो, आणि सहा महिन्यांनी परत जाऊन 'काय झालं?' विचारता येतं. प्रोग्रॅम ऑफिसर सरांना सुचवून बघा. बहुतेक सर आनंदाने हो म्हणतील, कारण त्यांनाही तेच तेच करून कंटाळा आलेला असतो.

विद्यार्थी निवडणुकांचं विचाराल, तर महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर थेट निवडणुका बंद झाल्या. हिंसा आणि पैसा हे कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. २०१६ च्या नव्या कायद्यात त्या परत आणायची तरतूद झाली, पण नंतरची कित्येक वर्षं त्या प्रत्यक्षात झाल्याच नाहीत. म्हणजे अठराव्या वर्षी देशाचा पंतप्रधान ठरवायला मत आहे, एकविसाव्या वर्षी सरपंचपदाला उभं राहता येतं, पण वर्गाचा प्रतिनिधी मार्कांवरून ठरतो. मतं मागणं, हरणं, हरल्यावर जिंकलेल्याबरोबर काम करणं, हे शिकायची एक जागा गेली. ती परत मागणं हाही एक नागरी प्रश्न आहे. तोवर मंडळ, एकांकिका, क्रिकेट टीम, जिथे कुठे हिशोब ठेवायचा असतो आणि मतभेद मिटवायचे असतात, तिथे शिका. गावच्या मंडळाचा जमाखर्च पारदर्शक ठेवून बोर्डावर लावणारा पोरगा उद्या पंचायतीचा हिशोब वाचू शकतो.

दोन शंका, ज्या तुम्ही मेसेज करून विचारणारच आहात

पहिली : "ताई, हे सगळं शेवटी राजकारणच ना? घरचे नको म्हणतात." घरच्यांची भीती खोटी नाही. गाव छोटं, नाती गुंतलेली, सरपंच कुणाचा तरी मामा. म्हणून दोन नियम. माणसाविरुद्ध बोलायचं नाही, कामाबद्दल बोलायचं. आणि एकट्याने जायचं नाही, निदान पाच जणांनी जायचं, वेगवेगळ्या वाड्यांतल्या, जमलं तर वेगवेगळ्या पक्षांच्या घरांतल्या. मग शिक्का मारायला कुणाला जागाच उरत नाही.

आणि कुणी बॅनरवर फोटो टाकतो म्हणाला, बाइकमध्ये पेट्रोल भरून देतो म्हणाला, तर एवढंच विचारा : 'मला ठराव मांडू देणार का?' कार्यकर्त्याला कामाला लावणारे खूप भेटतील. त्याला काम शिकवणारा मिळाला तर त्याच्याबरोबर जरूर जा, मग पक्ष कुठलाही असो.

दुसरी : "मी उद्या मुंबईला जाणार, मग कशाला?" जा ना. अर्ज लिहिणं, सभेत बोलणं, आकडे वाचणं, न पटणाऱ्या माणसाबरोबर काम करणं, हे सोसायटीच्या मीटिंगलाही लागतं आणि ऑफिसलाही. आणि जाताना एक करा : तुमची फाइल कुणाच्या तरी हातात देऊन जा. अर्ज, पोच, ठरावाची प्रत, सगळं एका फोल्डरमध्ये, ज्युनियरच्या फोनवर. आपल्याकडे कामं अडतात ती बऱ्याचदा विरोधामुळे नाही, तर करणारा माणूस गावाबाहेर गेला आणि कागद त्याच्याबरोबर गेले म्हणून.

या महिन्यात करायचं काय?

पहिला आठवडा : मतदार यादीत नाव बघा. नसेल तर फॉर्म ६ भरा, फोनवरून होतो. सतरा पूर्ण झालेलेही आगाऊ अर्ज करू शकतात. दुसरा आठवडा : वाडीत फिरून एकच प्रश्न निवडा. एकच हं. तिसरा : दार शोधा, एका पानाचा अर्ज लिहा, पाच जण मिळून द्या, पोच घ्या. चौथा : पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारा आणि फोनमध्ये रिमाइंडर लावा.

बस, एवढंच. भाषण येत नसलं तरी चालेल, घराण्याचं नाव नसलं तरी चालेल.

तुमच्या पोचपावतीचा फोटो आम्हाला पाठवा, नाव आणि नंबर झाकून. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातल्या काही अर्जांवरच बोलू, कुठला चालला, कुठला अडला, का अडला. आणि हा एपिसोड वाडीच्या ग्रुपवर टाकलात तर त्याच्या खाली ग्रामसभेच्या नोटिसीचा फोटोही टाका.

चला, येतंय. काळजी घेवा.